घरभेदी पाहुणा : ट्रोजन आणि त्याची हकालपट्टी

वाटूर फाट्यावर एस.टी.तून कोणी अनोळखी माणूस उतरला, की चहाच्या टपरीवर बसलेले एखादे वडीलधारे माणूस हमखास विचारते, "कोणतं गाव म्हणायचं पाव्हणं? कोणाकडं आलात?" जालन्याहून मंठ्याकडे जाणारा रस्ता इथून पुढे जातो, परतूरकडचा रस्ता इथेच फुटतो, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ रोजचीच. तरीसुद्धा हा प्रश्न विचारल्यावाचून आपण कोणाला पुढे सोडत नाही. पाहुण्याने गाव सांगितले, सोयरीक सांगितली, की मग चहा. घरातल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण हा रिवाज विसरतो. तो बिचारा पडद्यावर विचारतो, "हा आत येऊ म्हणतोय, येऊ देऊ का?" आणि आपण न वाचताच "हो, हो" म्हणून बटण दाबून मोकळे होतो. ट्रोजन नावाची जी आफत आज घरोघर ऐकू येते, ती या एका "हो"मधून आत येते.

ट्रोजन हे नाव कुठून आले? ग्रीक लोकांच्या पुराणात ट्रॉय नगरीच्या वेढ्याची कथा आहे. दहा वर्षे वेढा घालूनही नगरी पडेना. तेव्हा ग्रीकांनी एक प्रचंड लाकडी घोडा करून वेशीबाहेर ठेवला आणि माघार घेतल्याचे सोंग केले. ट्रॉयच्या लोकांनी तो घोडा मोठ्या हौसेने स्वतःच ओढून आत नेला. रात्री घोड्याच्या पोटात लपलेले सैनिक बाहेर पडले आणि त्यांनी वेशीचे दरवाजे आतून उघडले. आपल्याला इतक्या लांब जायचेही कारण नाही. पंचवटीच्या पर्णकुटीपुढे रावण आला तो दहा तोंडे घेऊन आला नाही. भिक्षुकाच्या वेषात आला आणि भिक्षा मागितली. कीर्तनकार हा प्रसंग रंगवून सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात कालवते ते रावणाच्या बळामुळे नव्हे, त्याच्या वेषामुळे. कॉम्प्युटरच्या जाणकारांनी १९७० च्या दशकात या प्रकारच्या फसव्या प्रोग्रॅमला ट्रॉयच्या घोड्याचे नाव दिले, ते तेव्हापासून रूढ झाले.

आपण बोलताना सरसकट "व्हायरस आला" म्हणतो. बोलण्यापुरते ठीक आहे; पण काढायची वेळ आली, की फरक कळलेला बरा. व्हायरस हा दुसऱ्या चांगल्या फाइलीला चिकटतो आणि तिच्याबरोबर फिरतो, बांडगुळासारखा. वर्म म्हणजे किडा. तो जाळ्यातून आपला आपण एका यंत्रातून दुसऱ्यात जातो. ट्रोजनला हे काही करावे लागत नाही. तो कामाच्या वस्तूचे रूप घेऊन दारात उभा राहतो आणि आत घेण्याचे काम तुमच्याच हातून करवून घेतो. म्हणून कुलूप कितीही भारी असले तरी त्याच्यापुढे ते पुरे पडत नाही. मालकानेच कडी काढल्यावर कुलूप काय करणार?

यातला एक जुना दाखला फार बोलका आहे. डिसेंबर १९८९ मध्ये जगभरच्या सुमारे वीस हजार लोकांना टपालाने एक फ्लॉपी डिस्क आली. फ्लॉपी म्हणजे हल्लीच्या पेनड्राइव्हची आजी. तिच्यावर लिहिले होते, की यात एड्स या रोगाविषयी माहिती आहे. रोग नवा, भीती मोठी, आणि पाकीट मिळालेल्यांत डॉक्टर व संशोधकही होते. लोकांनी डिस्क लावली. माहिती खरोखरच दिसली! त्यामुळे कोणाला संशय आला नाही. पण आतला प्रोग्रॅम गुपचूप मोजत होता, की यंत्र किती वेळा सुरू झाले. सुमारे नव्वदाव्या वेळी त्याने सगळ्या फाइलींची नावे गोंधळून टाकली आणि पडद्यावर मागणी आली : पनामा देशातल्या टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा. गंमत अशी, की सोबतच्या कागदावर बारीक टाइपात पैसे न भरल्यास काय होईल याचा इशारा छापलेला होता. तो कोण वाचतो? या प्रकरणी जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला अटक झाली. पण मानसिक स्थितीच्या कारणाने त्याच्यावर खटला चालला नाही.

या गोष्टीची दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. त्या प्रोग्रॅमने फक्त फाइलींची नावे बिघडवली होती, आतला मजकूर जसाच्या तसा होता. जिम बेट्स या इंग्लंडमधील जाणकाराने तो उलगडून नावे पूर्ववत करणारा उपाय तयार केला आणि फुकट वाटला. पण तोपर्यंत काहींनी घाबरून डिस्कवरचे सगळे पुसून टाकले होते. चोराने नेले नाही ते यजमानाने स्वतः विहिरीत टाकले.

आता आपल्या मराठवाड्यातच या. वाटूरहून मंठा, जिंतूर, औंढा असे पुढे गेले की हिंगोली. तिथल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकावरून लग्नाचे निमंत्रण आले. त्याच महिन्याच्या ३० तारखेचे लग्न. सोबत पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. ती उघडली आणि त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच; फोनमध्ये बसणारा प्रोग्रॅम होता. त्याच्या नावाचे शेपूट "एपीके" असे असते. आपल्याकडे लग्नसराईत दिवसाला पाच-पाच पत्रिका येतात. कोणाची ते पाहण्यासाठी माणूस उघडणारच. चोराला आपली रीतभात ठाऊक आहे, हे लक्षात घ्या. पी.एम. किसानच्या हप्त्याच्या नावाने, गाडीच्या दंडाच्या चलनाच्या नावाने अशाच फाइली फिरल्या आहेत. हप्ता, दंड आणि लग्न! शेतकऱ्याच्या घरात या तिन्हींपैकी एकाकडे तरी लक्ष जाणारच.

घरच्या कॉम्प्युटरवर वेष थोडा निराळा असतो. विंडोज ही यंत्रणा फाइलीच्या नावाचे शेवटचे शेपूट सहसा लपवून ठेवते. त्यामुळे "पगारपत्रक.पीडीएफ.ईएक्सई" अशी फाइल आली, की आपल्याला दिसते ती नुसती "पगारपत्रक.पीडीएफ". पीडीएफ म्हणजे वाचायचा कागद. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. कागद समजून आपण उघडतो आणि प्रोग्रॅम चालू होतो. यावर साधा उपाय आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये "व्ह्यू" या सदरात "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" अशी खूण आहे. विंडोज अकरामध्ये ती "व्ह्यू"मधल्या "शो"खाली सापडते. ती एकदा करून ठेवावी. मग शेपूट उघडे पडते. शिक्षक बंधुभगिनींनी हे आज घरी गेल्यावर करावे, पाच मिनिटांचेही काम नाही.

दुसरा वेष फुकट मालाचा. मराठी टायपिंगचे, छपाईचे, हिशेबाचे विकतचे सॉफ्टवेअर कोणीतरी "फोडून" फुकट देतो. सोबत सूचना असते, "बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा." अहो, पाहुणा दारात उभा राहून म्हणतो आहे, आधी कुत्रे बांधा! तेवढ्यावरून ओळखायला हवे की नाही? पण आपण कुत्रे बांधतो. माझ्या मते गावाकडच्या घरगुती कॉम्प्युटरांना सर्वांत मोठा धोका या फुकट मालाचा आहे, कारण त्यात देणाऱ्याचे उपकारही वाटतात.

तिसरा वेष वैद्याचा. इंटरनेटवर काही पाहता पाहता अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, "तुमच्या यंत्रात पाच व्हायरस आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा." फोन केला, की गोड बोलणारा माणूस दुरून तुमचे यंत्र चालवण्याचे सॉफ्टवेअर बसवायला सांगतो. रोग तोवर नव्हता, या वैद्याने तो आणला. असा पडदा आला तर फोन करू नका. ब्राउझर बंद करा, बंद होत नसेल तर यंत्र बंद करा.

आणि कधी कधी माल ओळखीच्या दुकानातूनच खराब येतो, हेही सांगितले पाहिजे. २७ जून २०१७ रोजी युक्रेन देशात करभरणीच्या एका सर्रास वापरातल्या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती म्हणून जे आले, त्यात घातक प्रोग्रॅम दडवलेला होता. तो तिथून जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची कामे थांबली आणि तिचे लोण आपल्या न्हावाशेवा बंदरापर्यंत आले. तिथल्या एका टर्मिनलवरचा मालाचा चढउतार खोळंबला. तेव्हा ज्याच्या घरात ट्रोजन शिरला तो अडाणी, असे म्हणू नये. असे म्हटल्याने माणसे लाजतात, लपवतात आणि तेवढ्या वेळात चोराचे फावते.

हा पाहुणा आत आल्यावर करतो काय? एक जात तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवते. बँकेचा पासवर्डही त्यात आला. दुसरी जात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि "तुम्ही आधीच आत आहात" अशी खूण उचलून पाठवते. या खुणेच्या जोरावर चोराला पासवर्डही लागत नाही. तिसरी दुरून सगळे यंत्रच चालवते. चौथी नुसती दार उघडून बसते आणि मागून इतरांना बोलावते. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारे पुष्कळदा असे मागच्या दाराने येतात. शिक्षकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर तर यू-डायसच्या नोंदीसाठी आणलेल्या मुलांच्या याद्या, आधार क्रमांक, पालकांचे फोन हे सगळे असते. म्हणजे आपल्या घरातून गावाची चोरी होते.

लक्षणे म्हणाल तर काही दिसतात : काही काम नसताना पंखा घरघरतो, अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला असतो, ब्राउझर भलतीकडेच नेतो, आपल्या नावाने ओळखीच्यांना न पाठवलेले संदेश जातात. पण जो ट्रोजन चांगला लिहिलेला असतो तो आवाज करत नाही. लक्षण नाही म्हणून रोग नाही, असे धरू नका. आपण काय उघडले, केव्हा उघडले, हे आठवणे हीच खरी तपासणी.

मग आता काढायचा कसा? इथे सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ज्या यंत्रात ट्रोजन शिरला आहे त्या यंत्राची साक्ष मानू नका. चोरी झालेल्या घराची झडती चोरालाच बरोबर घेऊन करता येत नाही. आतला ट्रोजन अँटिव्हायरसचे डोळे झाकू शकतो, तुम्ही नवा पासवर्ड टाकलात तर तोही टिपू शकतो. म्हणून शक्य तितके काम बाहेरून करायचे.

पहिल्याप्रथम जाळे तोडा. वायफाय बंद करा, तार असेल तर काढा. आज्ञा देणारा चोर दूर आहे. जाळे तुटले की आतल्याला आज्ञा मिळत नाही आणि माल बाहेर जात नाही. पडद्यावर काही मागणी किंवा मजकूर असेल तर फोनने त्याचा फोटो घ्या, वेळ लिहून ठेवा. घाईने पुसापुशी करू नका. फ्लॉपीची गोष्ट आठवा.

दुसरे, पैशाचे पाहा. खात्यातून रक्कम गेली असेल तर कॉम्प्युटर तसाच राहू द्या आणि आधी १९३० या क्रमांकावर फोन करा. त्याच वेळी बँकेलाही कळवा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात भराभर फिरवले जातात. मधल्या एखाद्या खात्यात ते अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. संध्याकाळी कळले म्हणून सकाळी जाऊ, असे इथे चालत नाही. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सांगितले, की ग्राहकाच्या चुकीने फसवणूक झाली असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे आणखी नुकसान होईल ते बँकेने सोसायचे. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर असणे फार कामाचे. "आपलीच चूक, कोणत्या तोंडाने सांगू" असे म्हणत बसणाऱ्याचा हा हक्कही जातो.

तिसरे, पासवर्ड. ते बदलायचे दुसऱ्या, चांगल्या यंत्रावरून. मुलाच्या फोनवरून, शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून, पण या यंत्रावरून नाही. सुरुवात ई-मेलपासून करा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड विसरल्यावर चावी तिथेच येते. बदलताना "सर्व उपकरणांवरून बाहेर पडा" असा पर्याय असतो तो घ्या. मघाशी सांगितलेली ती चोरलेली खूण त्याने निकामी होते. मग बँक, मग बाकीचे.

आता स्वच्छता. विंडोज दहा आणि अकरामध्ये स्वतःचा पहारेकरी असतोच, विंडोज सिक्युरिटी नावाचा. त्यात "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन", मग "स्कॅन ऑप्शन्स", आणि तिथे "मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन" निवडा. आधी उघडी कामे जतन करा, कारण यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते. यातली खुबी अशी, की ही तपासणी विंडोज पुरते जागे होण्याच्या आधीच चालते. घरातली माणसे झोपेत असताना, चोर सोंग घेण्याआधीच, झडती होते. साधारण पंधरा मिनिटे लागतात. त्यानंतर नेहमीची पूर्ण तपासणी करा. तिला काही तास लागले तरी लागू द्या. मग "इन्स्टॉल्ड ॲप्स" या यादीत आपण न बसवलेले काही आहे का पाहा, आणि ब्राउझरमधल्या अनोळखी जोडण्या काढा. भारत सरकारने २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तिथे अशी सफाई करणारी साधने फुकट मिळतात. मात्र तीसुद्धा चांगल्या यंत्रावरून पेनड्राइव्हवर उतरवून आणा. आणि एकाच वेळी दोन-दोन अँटिव्हायरस चालू ठेवू नका. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजून धरतात.

अँटिव्हायरसचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर हे पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम करीत. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी कॉम्प्युटर शिकायला लावले, आणि दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतले व्हायरस काढण्यासाठी संजयनी जे प्रोग्रॅम लिहिले त्यांतून १९९० च्या दशकात क्विक हील उभे राहिले. हे काम परदेशी पंडितांचेच, असे काही नाही.

एवढे करूनही शंका उरली तर काय? माझे मत विचाराल तर दुरून यंत्र चालवणारा किंवा पासवर्ड चोरणारा ट्रोजन सापडला असेल, तर सफाईवर विसंबू नये; सगळे पुसून विंडोज नव्याने बसवावे. वाळवी लागलेल्या तुळईला रंग देण्यात अर्थ नसतो. आधी आपली कागदपत्रे आणि फोटो वेगळ्या डिस्कवर काढून घ्या. फक्त कागदपत्रे आणि फोटो. प्रोग्रॅम एकही नाही, "पुन्हा कुठं शोधायचं" म्हणून सुद्धा नाही. मग चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवा, आणि त्यावरून यंत्र सुरू करून जुने सर्व पुसून नवे बसवा. हे स्वतः जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या; पण तोही फोडलेली विंडोज बसवत असेल तर आगीतून फुफाट्यात. यंत्रात विंडोज दहा असेल तर ध्यानात ठेवा, त्याची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. यंत्र पेलत असेल तर बसवताना अकराच बसवावी.

फोनमध्ये एपीके शिरली असेल तर रीत हीच, हत्यारे थोडी वेगळी. विमान प्रवासाची खूण दाबून जाळे तोडा. सेटिंगमध्ये "ॲक्सेसिबिलिटी" आणि "डिव्हाइस ॲडमिन" या दोन ठिकाणी त्या ॲपला परवानगी दिलेली दिसेल, ती काढा. नाहीतर ते ॲप काढू देत नाही. मग ते काढून टाका. निघाले नाही, तर फोटो आणि क्रमांक बाजूला घेऊन फोन कारखान्यातून आला तसा कोरा करा. सिमकार्ड दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालून ठेवले तर बँकेचे आकडे निदान ट्रोजनच्या हाती लागत नाहीत.

यंत्र नवे झाले म्हणजे जुन्या फाइली एकदम ओतू नका. तपासून, थोड्या थोड्या परत आणा आणि त्यांची एक प्रत अशा डिस्कवर ठेवा, की जी काम झाल्यावर काढून कपाटात जाते. सदैव जोडलेल्या डिस्कलाही खंडणीवाले कुलूप लावतात. त्या यंत्रावर शाळेच्या याद्या होत्या, असे असेल तर मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी कळवा : कोणत्या वर्गांच्या, त्यात आधार क्रमांक होते की नुसती नावे, फाइल केव्हा उघडली. आणि आपल्या व्हॉट्सॲपवरून ती पत्रिका पुढे कोणाकोणाला गेली ते पाहून एकेकाला फोन करा. संदेश नको, फोनच करा. आपल्या नावाने आलेल्या संदेशावर आता ते विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये.